त्यांचा सूर्यास्त

आजचं चिंतन: ईशावास्य उपनिषद, पहिला मंत्र



या आठवड्यापासून आपण ईशावास्य वाचायला घेतोय. शुक्ल यजुर्वेदाच्या 40व्या अध्यायातलं हे उपनिषद, मंत्र फक्त 18. पहिल्याच मंत्रात तीन गोष्टी येतात. या चालत्याबोलत्या जगात जे काही आहे ते सगळं ईश्वराने भरलेलं आहे. म्हणून आधी सोड आणि मग भोग. आणि तिसरी, कुणाच्या धनावर डोळा ठेवू नकोस.

हा मंत्र मी शाळेत असताना पाठ केला होता. पहिले दोन भाग मला तेव्हाही अवघड वाटायचे, आजही वाटतात. तिसरा मात्र मी कायम ‘पास’ म्हणून सोडून द्यायचो. दुसऱ्याचं धन आपण कुठे घेतो? पगार येतो, टॅक्स कापला जातो, घराचे हप्ते जातात. ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणत नाही. मग हा भाग आपल्यासाठी नाहीच, असं मी गृहीत धरलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या सुट्टीत, पाच दिवसांच्या एका ट्रिपमध्ये, माझा हा समज मोडला. आज तेच सांगतो. गोष्टीत मी काही फार शोभून दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. त्या वर्षी आई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आली होती. सात वर्षांच्या लेकीला डिस्नीचं पार्क बघायचं होतं, मला वाळवंट बघायचं होतं, बायकोला चार दिवस स्वयंपाक नको होता. आई म्हणाली, "तुम्ही न्याल तिकडं मी येते." सात सीटची गाडी भाड्याने घेतली, डब्यात चिवडा आणि लाडू भरले आणि बेकर्सफील्ड, तेहाचापी करत डेथ व्हॅलीच्या दिशेने निघालो. दोन दिवस वाळवंट, मग खाली अनाहाइमला पार्क, आणि परत घर.

डेथ व्हॅलीबद्दल थोडं सांगायला हवं. तिथलं बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीपेक्षा 282 फूट खाली आहे. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जमीन. तिथे उभं राहिलं की पायाखाली मिठाचे पांढरे षटकोन दूरवर पसरलेले दिसतात आणि समोरच्या कड्यावर खूप उंच एक पाटी दिसते, समुद्राची पातळी इथे आहे असं सांगणारी. 10 जुलै 1913 ला याच खोऱ्यात, फर्नेस क्रीकला, 134 अंश फॅरनहाइट म्हणजे 56.7 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं, तो जगातला विक्रम मानला जातो. डिसेंबरात मात्र हवा छान असते. आईने शाल पांघरली होती. मिठाकडे बघून म्हणाली, "एवढं मीठ, आणि खायला कोण नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ट्वेंटी म्यूल टीम कॅनियन नावाच्या कच्च्या रस्त्यावर शिरलो. 1883 ते 1889 या काळात या खोऱ्यातला बोरॅक्स मोजावे गावच्या रेल्वेपर्यंत, 165 मैल, जनावरं जुंपलेल्या गाड्यांनी नेला जायचा. अठरा खेचरं, दोन घोडे, दोन अजस्र गाड्या आणि मागे पाण्याची टाकी. त्यांच्यावरून या रस्त्याला नाव पडलंय. पिवळ्या, पिठासारख्या टेकड्यांमधून जाणारा तीनेक मैलांचा एकेरी रस्ता. तो संपला की जवळच झाब्रिस्की पॉइंट आहे. तिथून सूर्यास्त बघायचा, असा प्लॅन.

अर्ध्यात टायर बसलं. टोकदार खडा आत घुसला होता. गाडीला स्टेपनीच नव्हती, टायरमध्ये भरायच्या सीलंटची एक बाटली होती, ती आधीच कुणीतरी वापरून रिकामी करून ठेवलेली. मोबाइलला नेटवर्क नाही. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो आणि घड्याळात पावणेचार वाजले होते.

मागून एक पिकअप आली. सत्तरीतलं अमेरिकन जोडपं. त्यांना बाजूने निघून जाता आलं असतं, तेवढी जागा होती. ते थांबले. काकांनी मागून ट्यूबलेसची पंक्चर पट्टी, पक्कड आणि छोटा कंप्रेसर काढला आणि सरळ गुडघे टेकून मातीत बसले. पहिली पट्टी नीट बसली नाही. दुसरी घातली. हवा भरली, थुंकी लावून तपासलं, परत थोडी हवा भरली. काकूंनी आईला स्वतःची घडीची खुर्ची दिली, लेकीला संत्रं सोलून दिलं. बोलता बोलता कळलं की ते दोघं दर वर्षी याच दिवसांत झाब्रिस्कीचा सूर्यास्त बघायला येतात. त्या दिवशीही तिकडेच निघाले होते.

काम झालं तेव्हा टेकड्यांवरचा पिवळा रंग राखाडी झाला होता. मी पाकिटातून 20 डॉलर काढले. काका हसले, नोट माझ्या हातात परत दाबली आणि म्हणाले की टायर तपासून घेतल्याशिवाय हायवेला जोरात जाऊ नकोस. आईने लाडूंचा आख्खा डबा काकूंच्या हातात दिला. तो मात्र त्यांनी घेतला.

गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "त्यांचा आजचा सूर्यास्त आपल्यापायी गेला रे."

मी म्हणालो, "उद्या बघतील गं. सूर्य काय, रोजच मावळतो."

पुढचा दिवस प्रवासाचा. बेकर नावाच्या गावात 134 फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, त्या 134 अंशांच्या आठवणीसाठी. त्याच्यासमोर फोटो काढला. गॅरेजमध्ये टायर तपासून घेतलं. बारस्टोवरून खाली उतरत संध्याकाळी अनाहाइमला पोचलो. आणि चौथ्या दिवशी सकाळी पार्क.

डिस्नी कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या पार्कमध्ये 2012 साली ‘कार्स लँड’ नावाचा भाग उघडला. ‘कार्स’ या 2006 च्या सिनेमातलं वाळवंटी गाव तिथे जसंच्या तसं उभं केलंय. मागे लाल खडकांचे सुळके. नीट बघितलं तर ते जुन्या कॅडिलॅक गाड्यांच्या मागच्या पंखांसारखे आहेत. काल-परवा मागच्या सीटवर झोपा काढणारी माझी लेक या खोट्या वाळवंटासमोर तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मला हसू आलं. खऱ्या वाळवंटाला आपण तिकीट फक्त गाडीमागे काढलं होतं, आणि इथे माणशी.

तिथली मुख्य राइड म्हणजे त्याच खडकांतून पळणाऱ्या गाड्यांची शर्यत. किमान उंची 40 इंच, लेक आरामात बसत होती. पैसे भरून वेगळ्या छोट्या रांगेतून जायचा त्या राइडचा पास आम्ही ॲपवर बघेपर्यंत संपला होता. साध्या रांगेची पाटी सांगत होती, 110 मिनिटं.

मग मी जे केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असेल. म्हणालो, "मी एकटा उभा राहतो. तुम्ही जेवून घ्या, फिरा. जवळ आलो की फोन करतो." माझ्या ऑफिसातला एक मित्रही त्या दिवशी सहकुटुंब पार्कात होता. त्याला मेसेज टाकला, "रांगेत आहे, तुम्हीपण या." म्हणजे एका माणसाच्या जागेत आठ जण.

माझ्या मागे एक स्पॅनिश बोलणारं कुटुंब होतं. वडील, आई, आजी आणि चार-पाच वर्षांचा मुलगा. दीड तासात आमची ओळख झाली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तर त्या वडिलांनी हात आडवा धरून माझी जागा राखली. मुलगा उंचीच्या पट्टीपुढे टाचा उचलून उभा राहून दाखवत होता, आम्ही दोघं हसत होतो. नंतर तो दमून बाबांच्या खांद्यावर झोपला.

मी फोन केला. "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत सगळे आत आले. बायको, लेक, मित्र, त्याची बायको, त्यांची दोन मुलं. त्या वडिलांनी एकदा नुसतं डोळ्यांनी मोजलं. काही बोलले नाहीत. झोपलेला मुलगा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि एक पाऊल मागे सरकून आम्हाला जागा करून दिली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आई आली नव्हती. ती रांगेबाहेर, कठड्यापाशी उभी होती. मी हात केला, "ये ना." ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. मी बाकावर बसते."

राइड मस्त होती. शेवटी दोन गाड्या शेजारी शेजारी पळतात, एक जिंकते. आमची जिंकली. लेक किंचाळत होती.

रात्री मोटेलमध्ये सगळे झोपल्यावर आईला गरम पाणी द्यायला गेलो. हरिपाठ संपवून माळ पिशवीत ठेवत ती म्हणाली, "परवा त्या बाईनं आपणहून दिलं. आज तू त्या माणसाला विचारलंस तरी का?"

बस, एवढंच. रागावली नाही. पाणी प्यायली आणि झोपली. मला मात्र झोप आली नाही.

माझ्यातला इंजिनिअर आधी बचावाला उभा राहिला. सगळेच करतात. सहा माणसांनी असा काय फरक पडतो? पण मग हिशोब मीच मांडला. राइडमध्ये तासाला ठरावीकच गाड्या सुटतात. रांगेत कोण कुठे उभं आहे याने त्या वाढत नाहीत. म्हणजे माझ्या सहा माणसांनी दीड-दीड तास ‘वाचवला’, तो कुठूनही तयार झाला नाही. तो आमच्या मागच्या प्रत्येकाकडून, शेवटच्या माणसापर्यंत, थोडा थोडा कापून आला. प्रत्येकाचा एखादाच मिनिट गेला असेल. पण मागे शेकडो माणसं होती. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं थोडं थोडं शेकडो खिशांतून काढलं, तर त्या माणसाला आपण काय म्हणतो?

ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना ‘स्टार्वेशन’ शिकलो होतो. जास्त प्राधान्याची कामं सतत येत राहिली तर कमी प्राधान्याचं काम रांगेतच उपाशी मरतं. त्यावरचा एक उपाय ‘एजिंग’: जो जितका जास्त थांबला, त्याचं प्राधान्य तितकं वाढवायचं. मशीनसाठी आपण एवढा न्याय लिहून ठेवला. तो लिहिणारी माणसं स्वतः रांगेत उभी राहिली की काय करतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या रात्री तिसऱ्या भागातला ‘धन’ हा शब्द मला पहिल्यांदा दिसला. मी त्याचा अर्थ पैसा असा लावून सुटलो होतो. त्या वडिलांकडे त्या दुपारी होतं ते धन म्हणजे थांबलेले नव्वद मिनिटं आणि त्यातून मिळवलेली जागा. पिकअपवाल्या काकांकडचं धन म्हणजे वर्षातला एक सूर्यास्त. काकांनी ते सोडलं. वडिलांचं मी घेतलं. दोन्हींमध्ये वेळ एकाकडून दुसऱ्याकडे गेला, घड्याळाला फरक कळणार नाही. फरक एवढाच की एका ठिकाणी देणारा होता आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता घेणारा.

मंत्रात लोभासाठी जे क्रियापद आलंय ते ‘गृध्’ धातूचं. त्याच धातूपासून गृध्र, म्हणजे आपलं गिधाड. गिधाड शिकार करत नाही, हल्ला करत नाही. ते फक्त टपून बसतं. मी कुणाला धक्का दिला नाही, आवाज चढवला नाही. अगदी सभ्यपणे, हसत, फोन करून घेतलं.

आता तुमच्यातले काही विचारतील, मग पैसे भरून पुढे जाणं तरी बरोबर का? प्रश्न रास्त आहे, आणि मी काही तो पूर्ण सोडवलेला नाही. डिस्नीच्या पार्कांत 1999 साली वेळ राखून ठेवायची सोय सुरू झाली तेव्हा ती सगळ्यांना फुकट होती. 2021 पासून तिच्या जागी पैशांचा पास आला. तो घेणं म्हणजे चोरी, असं मी म्हणणार नाही. नियम उघड आहेत, रांगेत शिरतानाच सगळ्यांना माहीत असतात. मी जे केलं त्यात तेवढा उघडपणाही नव्हता. तरी हिशोब तोच राहतो. विकत घेतलेली मिनिटंसुद्धा कुणाच्या तरी उभं राहण्यातूनच येतात. फक्त त्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

आणि हा प्रश्न पार्कपुरता थांबत नाही. तिरुपतीला 300 रुपयांचं विशेष दर्शन मी स्वतः घेतलंय. लेक लहान होती, आठ-दहा तास उभं राहणं शक्य नव्हतं. ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. लेकुरवाळी, म्हातारी, आजारी माणसं पुढे जावीत, यात मागच्यांचाही मनातून होकार असतो. पण त्यानंतर एकटा, धडधाकट असतानाही मी एकदा तेच तिकीट काढलं, परतीचं विमान होतं म्हणून. मंत्राचा पहिला भाग खरा मानायचा, सगळं ईश्वरानेच भरलेलं आहे असं म्हणायचं, तर मग ज्याच्या दर्शनासाठी मी पुढे जातोय तो माझ्या मागेही उभा आहे. कदाचित झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन.

आईने ऐन तारुण्यात दोन आषाढी वाऱ्या केल्यात. पंढरपूरला त्या दिवशी दर्शनबारी किती लांब जाते ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही वेळा ती कळसाला हात जोडून आणि नामदेव पायरीला डोकं टेकून परत आली. कितीतरी वारकरी असंच करतात. मी लहानपणी विचारायचो, "मग एवढं चालून काय मिळालं?" ती म्हणायची, "झालं की दर्शन." सोडून भोगणं म्हणजे काय, हे मी भाष्यांत शोधत होतो. ते आमच्या घरातच होतं.

शंकराचार्यांनी या मंत्राच्या शेवटाचे दोन अर्थ दिलेत. एक सरळ, कुणाच्याही धनाची इच्छा करू नकोस. दुसरा प्रश्नाच्या रूपात: लोभ धरू नकोस, धन आहे तरी कुणाचं? मला या दुसऱ्या अर्थाची आधी थोडी भीती वाटायची. सगळं ईश्वराचं, कुणाचंच काही नाही, मग दुसऱ्याची जागा घेतली तर बिघडलं कुठे, अशी पळवाट कुणीही काढू शकेल. पण काका-काकूंची आठवण आली की ती पळवाट बंद होते. ‘कुणाचं आहे?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या सूर्यास्ताला विचारला. तो स्वतःच्या वस्तूला विचारायचा असतो. दुसऱ्याच्या वस्तूला विचारला की तोच प्रश्न लबाडी होतो.

त्या वडिलांची मला माफी मागता आली नाही. राइडमधून उतरलो तेव्हा ते गर्दीत कुठेच दिसले नाहीत. पैसे घेतले असते तर परत केले असते. वेळेला रिफंड नाही.

मग आता मी काय करतो? मोठं काही नाही. जिथे एकत्र जायचंय तिथे एकत्र उभे राहतो. खरंच अडचण असेल तर मागच्याला विचारतो, आणि असं विचारतो की त्याला ‘नाही’ म्हणता येईल. आठ जणांचा घोळका घेऊन "चालेल ना?" विचारणं हे विचारणं नव्हे. एक म्हातारी बाई आहे, बसवता का पुढे, असं विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात. तेव्हा ते आपण घेतलेलं राहत नाही, त्यांनी दिलेलं होतं.

आणि मित्रांनो, रांग फक्त पार्कात किंवा देवळात नसते. माझा कोड रिव्ह्यू लवकर व्हावा म्हणून काहीही अर्जंट नसताना मी त्याला ‘अर्जंट’ असं लेबल लावायचो. मीटिंगला दहा मिनिटं उशिरा जायचो आणि नऊ जण थांबायचे, म्हणजे नव्वद मिनिटं. तेवढेच, जेवढे ते वडील रांगेत थांबले होते. हे मी आता बऱ्यापैकी थांबवलंय. पूर्ण नाही.

‘कार्स’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल तर शेवट आठवेल. ती लाल गाडी जिंकायच्या रेषेच्या अगदी अलीकडे थांबते, मागे जाते आणि अपघात झालेल्या म्हाताऱ्या गाडीला ढकलत रेषेपार नेते. तिसरीच गाडी शर्यत जिंकते. माझ्या लेकीने हा सिनेमा निदान वीस वेळा पाहिलाय, आणि मी तिच्या शेजारी बसून. त्याच सिनेमाच्या गावात, त्याच गाडीच्या राइडसाठी मी ती रांग मोडली होती.

आजचा संकल्प छोटा आहे. आज दिवसभरात कुठेतरी तुम्ही कुणाच्या तरी पुढे असाल. सिग्नलला, लिफ्टपाशी, कॅन्टीनमध्ये, एखाद्याच्या मेसेजला उत्तर द्यायच्या यादीत. एकदा मागे वळून बघा, कोण उभं आहे ते. जमलं तर त्याला थोडं पुढे जाऊ द्या.

यंदाच्या डिसेंबरात आई पुन्हा येतेय. तिला पार्क नको, झाब्रिस्कीला जायचंय म्हणते. या वेळी गाडीत स्टेपनी, कंप्रेसर आणि पट्ट्यांचा डबा मी आत्तापासूनच घेऊन ठेवलाय. कुणाचं टायर बसलेलं दिसलं, तर आमचा सूर्यास्त गेला तरी चालेल.

राम कृष्ण हरी.